सातशे मिली

एस्तेर सकाळीच बाटली भरून ठेवते.
निळ्या झाकणाची, औषधाच्या कंपनीनं फुकट दिलेली,
बाजूला रेघा. सातशे मिली.
चहा त्यातच, गोळ्यांचा घोट त्यातच,
वरण पातळ झालं तर तेही त्यातच.
रविवारी प्रभुभोजनाचा इवला पेला?
तिनं डॉक्टरांना विचारलंच.
ते हसले, म्हणाले, तो धरू नका.

सव्वीस वर्षं मी नगरपालिकेत वॉलमन होतो.
खांद्यावर लोखंडी चावी, माणसाएवढी,
पहाटे तीनला सायकल काढायची.
घाणेवाडीचं पाणी माझ्या मनगटातून गल्लीत उतरायचं.
बाया म्हणायच्या, शांतवनभाऊ, अर्धा तास जास्त.
कधी सोडायचो, कधी नाही.
चावी ज्याच्या खांद्यावर असते
त्याला तहान हा शब्द दुसऱ्यांचा वाटतो.

आता मंगळवार, शुक्रवार. सुई, नळी, चार तास.
मशीन माझं रक्त बाहेर काढतं, धुतं, परत करतं.
शेजारच्या खाटेवर बदनापूरचा एक पोरगा,
एकोणीस वर्षांचा, बर्फाचा खडा गालात धरून पडतो.
त्यानंच शिकवलं मला:
चावायचा नाही काका, विसरून जायचा.

पाळकसाहेब घरी आले, म्हणाले,
दुःख म्हणजे भट्टी, सोनं उजळून निघतं.
मी काही बोललो नाही.
एमआयडीसीतल्या भट्ट्या मी पाहिल्यात.
आत भंगार जातं, बाहेर सळई येते
आणि काजळी आमच्या पत्र्यावर बसते.

पण रात्री दोनला जीभ टाळूला चिकटते
तेव्हा वधस्तंभावरचं ते एक वाक्य आठवतं,
सातांतलं सगळ्यात साधं.
लहानपणापासून उत्तम शुक्रवारी ऐकलेलं,
तीन तासांच्या उपासनेत, पंख्याखाली, पेंगत.
तेव्हा वाटायचं, हे काय,
देवाच्या पुत्रानं पाणी मागायचं?
आता वाटतं, बाकीची सहा आमच्यासाठी असतील,
हे मात्र त्याचं स्वतःचं होतं.
आणि अंधारात खाटेच्या कडेला
कुणीतरी बसल्यासारखं होतं,
तेही कोरड्या ओठांचं.
ते मला काही देत नाही.
नुसतं बघतं,
आणि मला एकेक गल्ली आठवायला लागते.

अशाच एका रात्री कडूबाई आठवली.
बारा वर्षांमागचा तो दुष्काळ.
तिचा नवरा भर चौकात मला वाटेल ते बोलला होता,
माझ्या जातीवरून, माझ्या देवावरून.
तिसऱ्या दिवशी त्यांच्या गल्लीचा वॉल
मी दहा मिनिटांत बंद केला.
ती धावत आली. कडेवर नातू, हातात रिकामा हंडा.
चावी मी सायकलला बांधली होती.
सोडून परत लावायला अर्धं मिनिट लागलं असतं.
पुढचं पाणी अकरा दिवसांनी होतं.

परवा गेलो. रिक्षानं, आता चालवत नाही.
नवरा वारलाय तिचा. डोळ्यांत फूल पडलंय.
उंबऱ्याशी उभा राहूनच सगळं सांगितलं.
ती ऐकत होती की नाही, कळेना.
आत गेली, तांब्या घेऊन आली, काठोकाठ.
"उन्हाचं आलाव भाऊ, आधी पाणी प्या."

तांब्या गार होता. हात थरथरला, थोडं सांडलं.
मी एक घोट घेतला
आणि लगेच गिळला नाही, गालात धरला.
"एवढंच?"
एवढंच झेपतं, माय.
ती खाली बसली, पदरानं सांडलेलं पुसलं.
मग जमिनीकडं बघतच म्हणाली,
"अकरा नाही. तेरा दिसांनी आलतं."

घरी एस्तेर बाटली उजेडात धरून रेघ बघत होती.
बाहेर किती प्यालात? खरं सांगा.
म्हटलं, एक घोट.
तिनं झाकण उघडलं
आणि तेवढंच पाणी, मोजून,
मोगऱ्याच्या कुंडीत ओतलं.